मुदत

दर महिन्याच्या चार तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी काकांना फोन करायचे, आणि काका 'हॅलो'च्या ऐवजी थेट सहा आकडे सांगायचे. ते आकडे मी सिंगापूरमधल्या एका सर्व्हरच्या बिलाखालच्या चौकटीत भरायचे. पैसे गेले की नौपाड्यातलं एक वाचनालय आणखी महिनाभर सुरू. ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्डावरून आपोआप पैसे कापण्याबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि परदेशी कंपनीचं बिल काकांच्या कार्डावरून परस्पर जाईनासं झालं. तेव्हापासून हा ओटीपीचा रिवाज. एका जुलैत काका गुहागरला गावी गेलेले, दोन दिवस त्यांचा फोन लागेना, आणि 'अमुक तारखेनंतर आपलं मशीन बंद करण्यात येईल' असं कंपनीचं पत्र माझ्या मेलमध्ये येऊन पडलं. ते दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

काका नात्याने माझे कोणी नाहीत. मी सहावीत असताना बाबांनी त्यांच्या वाचनालयात माझं नाव घातलं. अरुंद गाळा, छतापर्यंत लाकडी फळ्या, आत शिरलं की जुन्या कागदाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे. काका त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, ते मोठं घर, आपली ही ओसरी. ओसरी असली तरी घरपोच पुस्तकं देणारी. एक मुलगा सायकलवर, पुढे स्कूटरवर, कळव्यापासून कोलशेतपर्यंत पिशव्या पोचवायचा. प्रत्येक सभासदाचं खाकी कार्ड, प्रत्येक पुस्तकाच्या आत कागदी खिसा, आणि सगळ्याचा हिशेब काकांच्या डोक्यात.

२०१४ मध्ये मी आणि माझा तेव्हाचा ऑफिसमधला एक सहकारी, असे दोघांनी शनिवार-रविवार बसून त्यांना वेब ॲप्लिकेशन करून दिलं. सभासदाने घरबसल्या पुस्तक मागवायचं, मुदत संपली की एसएमएस जायचा, वर्गणीची पावती मेलवर. मोबदला म्हणून काकांनी आम्हा दोघांना आजन्म सभासद करून घेतलं. सहकारी २०१९ मध्ये टोरांटोला गेला. तेव्हापासून सर्व्हर माझ्या एकटीच्या अंगावर.

तेव्हा सिंगापूर का निवडलं, तर जवळ दुसरं काही नव्हतं. मायक्रोसॉफ्टने भारतात आपली क्लाउड केंद्रं सुरू केली २०१५ मध्ये, ॲमेझॉनने मुंबईत २०१६ मध्ये, गूगलने २०१७ मध्ये. नौपाड्यातल्या आजींनी 'माझी पुस्तकं' या बटणावर बोट टेकवलं की ती विनंती समुद्राखालच्या केबलमधून जवळजवळ चार हजार किलोमीटर जायची आणि उत्तर घेऊन तेवढीच परत यायची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन येऊन चाळीसेक मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचे; प्रत्यक्षात मी मोजायचे तेव्हा साठ-सत्तर भरायचे. माणसाला ते जाणवत नाही. मला मात्र ते खटकायचं. गोखले रोडवरचं वाचनालय, राम मारुती रोडवरचा वाचक, आणि मधली चिठ्ठी सिंगापूरहून.

हलायची वेळ खरी आणली ती बिलाने नव्हे. त्या सर्व्हरवर सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली होती आणि ३० जून २०२४ ला तिचा आधार संपला. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद. हजारो घरांचे पत्ते आणि फोन नंबर अशा मशीनवर ठेवणं मला बरोबर वाटेना. ॲप पीएचपी या संगणकी भाषेच्या इतक्या जुन्या आवृत्तीत लिहिलेलं होतं की नव्या मशीनवर ते उभंच राहिलं नसतं. तो कोड नव्याने लिहिण्यात उन्हाळा आणि अर्धा पावसाळा गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, मान मोडून करायचं काम होतं, केलं.

मुंबईत सर्व्हर देणारी, रुपयांत बिल आणि जीएसटीची पावती देणारी एक कंपनी निवडली. काकांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे नेमकं कुठे?"

"मुंबई रीजन म्हणतात त्याला."

"ते कळलं. इमारत कुठली?"

हे मला सांगता येईना. कंपनी इमारतीचा पत्ता देत नाही. मी राहते ऐरोलीला. आमच्या मागच्या खिडकीतून रबाळ्याच्या बाजूला बिनखिडक्यांच्या उंच इमारती दिसतात, गच्चीवर थंड हवेची यंत्रं, तळाला डिझेलचे जनरेटर. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेचा हा एमआयडीसीचा पट्टा, एके काळी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखला जाणारा. आता रबाळ्यापासून महाप्यापर्यंत डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला येऊन लागतात, कळव्याच्या उपकेंद्राची वीज हाताशी आहे, आणि कारखान्यांच्या मोकळ्या झालेल्या जागा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा आमच्या घरातला पंखा बंद होता आणि मागून त्या जनरेटरांची घरघर दुपारपर्यंत ऐकू येत होती. वाचनालयाचा डेटा त्यातल्याच एका इमारतीत येईल की आणखी कुठे, कोणाला ठाऊक. मी काकांना म्हणाले, "माझ्या खिडकीतून दिसतोय असं समजा."

त्यांचं समाधान झालं नाही, आणि मला त्याचं कारण माहीत होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी काकांच्या गाळ्यातही मांडीएवढं पाणी आलं होतं. खालच्या दोन फळ्यांवरची सगळी पुस्तकं गेली. पण त्यांच्या बोलण्यात पुस्तकांपेक्षा जास्त वेळा येतो तो कार्डांचा खण. पुस्तक पुन्हा विकत मिळतं, कोणी काय वाचलं ते कुठून आणणार, असं ते म्हणतात. कार्डं वाळत घालायला त्यांनी घरभर दोऱ्या बांधल्या होत्या. म्हणून "दुसरी प्रत कुठे?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. मी त्यांना मार्च २०२१ मधली स्ट्रासबुर्गची गोष्ट सांगितली. तिथे एका मोठ्या होस्टिंग कंपनीची डेटा सेंटरची अख्खी इमारत एका रात्रीत जळून गेली, आणि ज्यांचे बॅकअपसुद्धा त्याच आवारात होते त्यांच्या हाती काही उरलं नाही. आपली एक प्रत मुंबईत, दुसरी दुसऱ्या कंपनीकडे दुसऱ्या शहरात, तिसरी तुमच्या टेबलाच्या खणात हार्ड डिस्कवर. तिसऱ्या प्रतीवर काका खूश झाले.

मी २२ सप्टेंबरची रात्र ठरवली होती. काका म्हणाले, "पितृपक्षात नव्या जागेत जायचं नाही." मी वाद घातला नाही. घटस्थापनेनंतरचा रविवार, ६ ऑक्टोबर, ठरला. त्यामुळे रंगीत तालमीला दोन आठवडे जास्तीचे मिळाले, आणि तालमीतच अक्षरांचं प्रकरण बाहेर आलं.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. आज जगभर चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्राही, तीन बाइट जागा घेते. 'नाही' या एका शब्दाला बारा बाइट. आमच्या जुन्या डेटाबेसची मूळ पद्धत मात्र लॅटिन-१, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीची, एका अक्षराला एकच बाइट. २०१४ मध्ये आमच्या दोघांच्याही हे लक्षात आलं नव्हतं. ॲप तीन-तीन बाइट आत टाकायचं, डेटाबेस त्यांना तीन वेगवेगळी युरोपी अक्षरं समजून ठेवून घ्यायचा, मागितली की तशीच परत द्यायचा, आणि पडद्यावर मराठी व्यवस्थित उमटायचं. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत दहा वर्षं नांदल्या.

नव्या डेटाबेसने सांभाळून घेतलं नाही. पहिल्या तालमीत पुस्तकांची यादी उघडली तर प्रत्येक नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यामागे एक वाटोळं चिन्ह, मग आणखी काही, आणि पुन्हा तोच ए. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून सगळी यादी त्या एकाच तिरक्या रेघेने भरून गेलेली. हा रोग ओळखीचा आहे, औषधही ठरलेलं आहे: डेटा बाहेर काढताना 'मी लॅटिन-१ बोलते' असं डेटाबेसला सांगायचं, म्हणजे तो मूळ बाइट न बदलता देतो, आणि आत घालताना ते यूटीएफ-८ आहेत असं जाहीर करायचं. तसं केलं. यादी स्वच्छ मराठीत आली. आकडे जुळवले. तेवीस हजारांवर पुस्तकं, चार हजारांवर सभासद, सहा लाखांहून जास्त देवघेवी, दोन्हीकडे तंतोतंत. मी माझ्या कामांच्या यादीत बरोबरची खूण केली आणि काकांना बघायला बोलावलं.

काकांनी पुस्तकांची यादी बघितलीच नाही. त्यांनी एका सभासदाचं पान उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ही प्रश्नचिन्हं कसली?"

???? ???? ??? ????

'शेरा' हा रकाना. मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. शेऱ्यांचा वेगळा तक्ता सहकाऱ्याने २०१७ मध्ये काकांच्या सांगण्यावरून नंतर जोडला होता, आणि तोवर शहाणा होऊन त्याने तो पहिल्यापासून नीट यूटीएफ-८ मध्ये केला होता. म्हणजे माझं औषध निरोग्याला दिलं गेलं. लॅटिन-१ मध्ये मराठी अक्षराला जागाच नसल्यामुळे डेटाबेसने प्रत्येक अक्षराच्या, काना-मात्रेच्या जागी इमानाने एक-एक प्रश्नचिन्ह ठेवलं. शब्दांमधल्या मोकळ्या जागा तशाच. ओळींची संख्या तीच. म्हणूनच माझी मोजणी जुळली होती.

काका त्या प्रश्नचिन्हांकडे बोट करून म्हणाले, "जिना चढता येत नाही."

मी मोजलं. ज, ऱ्हस्व वेलांटी, न, काना: चार. चढता, चार. येत, तीन. नाही, चार. बरोबर होतं. पुढच्या पानावर त्यांनी नाव वाचलं आणि म्हणाले, "यांचं 'मोठा टाईपच द्यावा'." पुढे, "हिला शिकारीच्या गोष्टी नकोत, रात्री झोपत नाही." एका आडनावाआधी 'कै.' होतं; तिथे, "खातं बंद करू नये, सून वाचते." शेकडो शेरे. काकांना ते सगळे पाठ नव्हते, पण जे होते ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. हे मी पुसून टाकणार होते, आणि माझ्या यादीत त्याच्यापुढे बरोबरची खूण होती.

जुना सर्व्हर चालूच होता, म्हणून काही हरवलं नाही. तो एक तक्ता वेगळा, त्याच्या भाषेत काढला, वेगळा आत घातला, आणि मग मोजणी सोडून अख्खा शेऱ्यांचा तक्ता डोळ्यांनी वाचून काढला. दोन संध्याकाळी लागल्या. त्याच आठवड्यात, घटस्थापनेच्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्याची बातमी आली. मी तेव्हा 'दुपारी दोन ते चार बेल वाजवू नये' हा शेरा दोन्ही सर्व्हरवर ताडून पाहत होते.

रविवारची रात्र पुष्कळशी सरळ गेली. सर्व्हर बदलताना सगळ्यात नाजूक भाग पत्त्याचा असतो. संकेतस्थळाचं नाव तेच राहतं, त्यामागचा आयपी पत्ता बदलतो, आणि तो पत्ता जगभरच्या डीएनएस सर्व्हरांनी, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या मशीननी, ठरावीक काळ लक्षात ठेवलेला असतो. आमची ही मुदत होती ८६,४०० सेकंद, एक अख्खा दिवस. ती दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवली, म्हणजे बदल केला की पाच मिनिटांत बहुतेकांना कळावा. तरी काही ठिकाणं जुनाच पत्ता धरून बसतात. काका १९९६ मध्ये एका गाळ्यातून समोरच्या गल्लीत हलले तेव्हा जुन्या शटरवर 'वाचनालय समोरच्या गल्लीत' अशी पाटी त्यांनी सहा महिने ठेवली होती; मी तशी पाटी जुन्या सर्व्हरवर लावली, चुकून तिथे येणारी प्रत्येक विनंती त्याने गुपचूप नव्याकडे पाठवायची.

पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो आठवडाभर आधीपासून आरसिंक या साधनाने आणत होते. १९९६ सालचं हे साधन अजूनही माझं सगळ्यात आवडतं आहे. दोन्हीकडचं ताडून फक्त बदललेला भाग तेवढा पाठवतं. पहिल्या वेळी तास लागतात, शेवटच्या वेळी काही सेकंद. फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली की नाही एवढ्यावर फोल्डर जातं की त्याच्या आतलं जातं हे ठरतं, तेवढं सांभाळायचं. एसएमएसच्या कंपनीकडे नवा आयपी आधीच नोंदवून ठेवला होता, नाहीतर त्यांनी आमचे मेसेज नाकारले असते. सव्वाअकराला संकेतस्थळावर 'देखभाल सुरू आहे' लावलं, शेवटची प्रत काढली, शेरे वेगळे, बाकीचं वेगळं. बाराला पाच कमी असताना पत्ता बदलला. साडेबाराला माझ्या फोनवर वाचनालय नव्या जागेवरून उघडलं. साठ-सत्तरच्या जागी सात-आठ मिलिसेकंद. त्रेचाळीस मुद्दे, त्रेचाळीस खुणा. खिडकीतून त्या इमारतींचे दिवे दिसत होते. मी फार आनंदात झोपले.

मंगळवारी रात्री साडेआठला काकांचा फोन आला.

"अगं, अकराशे सत्तावीसला मेसेज कसा गेला?"

सभासद क्रमांक ११२७. गणिताचे निवृत्त शिक्षक. खातं त्यांच्या नावावर, वाचायच्या त्यांच्या पत्नी. २०१८ च्या पावसाळ्यात त्या गेल्या तेव्हा एक जाडी कादंबरी त्यांच्या उशाशी होती, मध्याच्या जरा पुढे दुधाच्या कुपनाचा तुकडा खुणेला घातलेला. सर ती परत करायला आले नाहीत. काकांनी मागितली नाही. वर्गणी ते दर वर्षी भरत राहिले, दुसरं पुस्तक कधी नेलं नाही. सहा वर्षांत त्यांना आठवणीचा एकही मेसेज गेला नव्हता, आणि हे मला माहीतच नव्हतं. मंगळवारी सकाळी दहा वाजता गेला. 'आपल्याकडील पुस्तकाची मुदत काल संपली. दंड प्रतिदिन रु. २.' संध्याकाळी सर स्वतः वाचनालयात आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काउंटरवर ठेवलं, शेजारी दोन रुपयांचं नाणं ठेवलं. काका म्हणाले, "अहो सर, हे मशीनचं काहीतरी चुकलंय, राहू द्या ते." सर म्हणाले, "चुकलं नाही, उशीर माझ्याकडूनच झाला." आणि पायऱ्या उतरून गेले.

मी लॅपटॉप उघडला. नव्या सर्व्हरवर ११२७ च्या पुस्तकाची परतीची तारीख ७ ऑक्टोबर. जुना सर्व्हर अजून चालू होता, त्यावरचा डेटाबेस आता कोणी वापरत नव्हतं. तिथे तीच नोंद पाहिली. परतीची तारीख ९ ऑक्टोबर. म्हणजे उद्या. कोणीही हात लावत नसलेल्या त्या मशीनवर ही एक तारीख रविवारपासून दोन दिवस पुढे सरकली होती.

ठरलेल्या वेळी आपोआप करायच्या कामांची लिनक्समध्ये यादी असते, क्रॉनटॅब. ॲपच्या नावाची यादी मी आणली होती. रूटची, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाची, वेगळी असते. ती उघडूनच पाहिली नव्हती, कारण आमच्या कामाचं तिथे काही नसायला हवं होतं. उघडली. एकच ओळ. रोज रात्री नऊ वाजता, आणि सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर असल्यामुळे आपल्याकडे रात्री अडीचला, सभासद ११२७ ची परतीची तारीख पुढच्या दिवसाची करायची. वर रोमन लिपीत टीप: 'काका म्हणाले, ह्यांना मेसेज जाऊ द्यायचा नाही.'

टोरांटोत तेव्हा सकाळ होती. सहकाऱ्याला लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: हो, मीच. काकांचा फोन आला होता, मी गाडीत होतो, पटकन रूटने शिरून ओळ टाकली. नंतर नीट स्क्रीन करणार होतो. तात्पुरतं होतं ते.

सहा वर्षं रोज रात्री ते तात्पुरतं चाललं. दोन हजारांहून जास्त रात्री. टाळेबंदीत वाचनालय बंद होतं तेव्हाही. कोडच्या संग्रहात ती ओळ नव्हती, डेटाबेसच्या प्रतीत नव्हती, माझ्या त्रेचाळीस मुद्द्यांत नव्हती. काकांनी शब्द टाकला, त्याने हात चालवला, आणि ते त्या एका मशीनवरच राहून गेलं. एसएमएसवाल्यांकडे नवा आयपी नोंदवायला मी विसरले असते तर सरांना मेसेज गेला नसता, हा विचार त्या रात्री मला पुन:पुन्हा येत होता. मी सगळं नीट केलं होतं आणि म्हणूनच तो पोचला.

पुढचे दोन दिवस रजा काढून मी जुना सर्व्हर वाचला. वाचला असंच म्हणते. फोल्डर उघडायचं, तारखा बघायच्या, कोणी केव्हा काय हाताने बदललं त्याचा माग काढायचा. पावत्या छापताना जोडाक्षरं तुटायची म्हणून टाकलेला एक फॉन्ट. मेमरी पुरेना तेव्हा, एका दिवाळी अंकांच्या गर्दीत, घाईने केलेली स्वॅप फाइल. बँकेच्या एका पत्त्याची हाताने लिहिलेली नोंद. 'काढू नको' नावाचं फोल्डर, त्यात २००५ च्या पुरातून वाचलेल्या खाकी कार्डांचे काकांनी काढून पाठवलेले फोटो, कडा फुगलेल्या, शाई पसरलेली. आरसिंकला मी फक्त मुखपृष्ठांचं फोल्डर सांगितलं होतं. महिनाअखेरीला मशीन रद्द केलं असतं तर ते फोटोही गेले असते. या प्रत्येक गोष्टीजवळ मला कोणीतरी बसलेलं दिसत होतं, बहुतेक वेळा रात्री, बहुतेक वेळा काकांचा फोन झाल्यावर. दहा वर्षांत हे मशीन मी कितीदा तरी उघडलं होतं, पण काम असायचं तेवढंच. सोडून जायची वेळ आली म्हणून पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. आता जे कोणी मला सर्व्हर हलवण्याबद्दल विचारतात त्यांना मी सांगते: आधी दोन दिवस काही हलवू नका. मशीन वाचा. आणि ज्यांच्यासाठी ते चालतं त्यांना समोर बसवून विचारा, की आजवर फोनवर काय-काय सांगितलं होतं.

शुक्रवारी मी काकांकडे गेले. ऐरोलीहून ठाण्याची गाडी खाडीच्या कडेने जाताना मी काय बोलायचं ते ठरवत होते, पण काकांनी बोलूच दिलं नाही. टेबलाचा खण ओढला. हार्ड डिस्कच्या शेजारी वर्तमानपत्रातलं पुस्तक, त्यावर दोन रुपयांचं नाणं. कुपनाचा तुकडा आत होता, जागेवर.

"जमा करून घेऊ?" मी विचारलं.

"नको." ते म्हणाले. "त्यांच्या नावावरच राहू दे. परत आले न्यायला, तर न्यायचं."

"मेसेज?"

"जायचा नाही."

मी तिथेच काउंटरवर लॅपटॉप उघडला. नीट स्क्रीन करता आली असती, 'मुदत नाही' अशी चौकट, कोणत्याही सभासदासाठी, एका बटणावर. ती मी पुढे केलीही. पण त्या दिवशी आधी ती ओळच जशीच्या तशी आणली, यावेळी ॲपच्या यादीत, कोडच्या संग्रहात, घड्याळ भारताच्या वेळेवर, दोन तीस. वर टीप देवनागरीत लिहिली: काका म्हणाले, सहकाऱ्याने केलं, २०१८, इथे आणलं, ऑक्टोबर २०२४. काकांनी ती चष्म्यातून वाचली आणि 'म्हणाले'च्या पुढचा स्वल्पविराम नीट आहे ना, ते विचारलं.

शनिवारी सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी ११२७ चं पान उघडलं. परतीची तारीख: १३ ऑक्टोबर. उद्याची.